डावीकडची खिडकी

पण-सर घराला कुलूप लावत, ते ओढून पाहत, फाटकापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा एकदा ओढून पाहत. पहिल्या खेपेला संशय कुलपावर असे. दुसऱ्या खेपेला तो पहिल्यांदा ओढणाऱ्या स्वतःच्याच हातावर असे. "तिसऱ्यांदा संशय घ्यायला कुणी उरत नाही, म्हणून हा माणूस एकदाचा रस्त्याला लागतो," असं त्यांची बायको शेजारणीला सांगे, आणि ते कानावर आलं तरी सर रागावत नसत. आपल्या स्वभावाची त्यांना लाज नव्हती. गणित शिकवणाऱ्याने उत्तराचा ताळा करायचाच असतो; मग जगाने दिलेली उत्तरं तेवढी ताळ्याविना का स्वीकारावीत, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

खरं नाव वेगळं होतं. 'पण-सर' हे मुलांनी ठेवलेलं. मुलाने उत्तर बरोबर दिलं तरी सर मान हलवून म्हणत, "बरोबर. पण कशावरून?" हे नाव एका तुकडीने दुसरीला, दुसरीने तिसरीला वारशासारखं दिलं आणि सर निवृत्त झाले तरी ते निवृत्त झालं नाही. भाजीवालासुद्धा आता त्यांना त्याच नावाने हाक मारी, आणि वजनकाटा त्यांच्याकडे आपण होऊन वळवून ठेवी.

ज्या शाळेत त्यांची हयात गेली ती नेहमीच्या अर्थाने शाळा नव्हती. शहराच्या टेकडीवर एक मोठी शाळा होती. तिच्या दगडी कमानीतून आत गेलेलं मूल पुढे कुठे अडत नाही, अशी तिची ख्याती. आत जायचं तर आधी लेखी परीक्षा आणि मग तोंडी. लेखीत तरलेली लहानगी पोरं तोंडीत बुडत. अनोळखी खोली, हिरवं कापड घातलेलं लांबलचक टेबल, पलीकडे तीन करडे चेहरे, आणि अलीकडे एकच उंच खुर्ची, जिच्यावर बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्यांच्या घरी असल्या खोल्या होत्या त्यांची मुलं तिथे आरामात बोलत. शिंप्याच्या, वाहनचालकाच्या, किरकोळ दुकानदाराच्या मुलांची वाचा बसे. अशा मुलांना वर्षभर हाताशी धरून तयार करायचं, यासाठी मोठ्या बाईंनी आपल्या घराच्या तळमजल्यावर ही तयारीची शाळा काढली होती.

तिचा जीव होता तो मागच्या बाजूच्या सरावाच्या खोलीत. टेकडीवरच्या परीक्षेच्या खोलीची ती हुबेहूब नक्कल, असं बाई सांगत. तसंच टेबल, तसंच हिरवं कापड, पाण्याचा तसाच काचेचा तांब्या, तशीच उंच खुर्ची. आणि खुर्चीच्या डाव्या हाताला मोठी खिडकी. टेकडीवरच्या खिडकीतून खेळाचं मैदान दिसतं, मुलांचे डोळे तिकडे पळतात आणि उत्तरं तोंडातल्या तोंडात विरतात. म्हणून या शाळेचा पहिला नियम होता, 'डावीकडे पाहायचं नाही.' मोठ्या बाईंनी तो घालून दिला आणि पण-सरांनी तो मुलांच्या मानेत इतका मुरवला की सुट्टीतही काही पोरं डावीकडचा रस्ता ओलांडताना अडखळत. "डावीकडे पाहिलंस की परीक्षकांना तत्काळ कळतं," असं सर सांगत. स्वतः टेबलाच्या पलीकडे परीक्षकाच्या खुर्चीत बसून ते वर्षानुवर्षं हा सराव घेत आले. खिडकीचा उजेड त्यांच्या उजव्या अंगाने येई, लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडे आणि त्या सावलीतच ते मुलांचे गुण मांडत. ते थोडं कुरकुरत. पण नक्कल म्हणजे नक्कल, तिथे तक्रारीला जागा नव्हती.

मोठ्या बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची मुलगी, धाकट्या बाई, आता शाळा चालवत. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला इतिहास छापायचा ठरला, तेव्हा तो लिहायला त्यांनी पण-सरांनाच बोलावलं.

"सर, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तुम्ही लिहा. फक्त एक वाक्य मी देते, ते कुठेतरी बसवा."

"कुठलं?"

"संस्थापिकेच्या यजमानांचा मोठ्या शाळेच्या परीक्षेशी कधीही, कोणताही संबंध आला नाही."

सरांनी वाक्य मनात दोनदा वाचलं. 'कधीही' आणि 'कोणताही' हे दोन शब्द एकाच वाक्यात आले की त्यांना तिथे काहीतरी झाकल्यासारखं वाटे.

"छान आहे," ते म्हणाले. "पण कशावरून?"

धाकट्या बाई हसल्या, पण त्यांचं हसू गालांच्या वर गेलं नाही. "सर, आईवर तुमचा विश्वास नव्हता का?"

"होता की. म्हणून तर विचारतो."

विचारण्याला कारण होतं. मोठ्या बाईंचे यजमान, ज्यांना सगळे काका म्हणत, मोठ्या शाळेच्या कार्यालयात नोकरीला होते. तयारीच्या शाळेची मुलं वर जाऊ लागली तसं लोक बोलू लागले, 'नवरा टेकडीवर, बायको पायथ्याशी. मग पोरं वर चढतील नाही तर काय!' काका कार्यालयातच बसतात, परीक्षेकडे फिरकतही नाहीत, असं बाई ठामपणे सांगत. काकांनीही तयारीच्या शाळेत कधी पाऊल ठेवलं नाही. राहत होते वरच्या मजल्यावर, पण येण्याजाण्याला बाहेरचा जिना वापरत; खालच्या वर्गाचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. लोकांना यात सचोटी दिसे. पण-सरांना त्यात कुठेतरी बेतलेपणा दिसे. ज्याला लपवायचं नसतं तो माणूस इतका जपून का वागेल?

हा काटा त्यांना का सलतो, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक याच सरावाच्या खोलीतून मोठ्या शाळेत गेली होती. आता ती त्याच मोठ्या शाळेत भूगोल शिकवत होती, आणि नात्यागोत्यात कुठेही विषय निघाला की लोक सरांची पाठ थोपटत. सर मान लववून कौतुक घेत आणि आतून कासावीस होत. मागचं दार कुणासाठी उघडं असेल तर ते तिच्यासाठीही उघडंच असणार. मग तिने मिळवलं काय आणि आपण शिकवलं काय? आयुष्यभराची बेरीज कदाचित दुसऱ्याच कुणीतरी आधीच फळ्यावर लिहून ठेवलेली असेल, ही शंका त्यांना अन्नासारखी पचत नव्हती आणि टाकताही येत नव्हती.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, लिहून टाका ते एक वाक्य. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, मुलगी शांत आहे. तुम्ही केला होतात का ताळा?"

"केला ना. पण लग्न झाल्यावर."

"मग?"

"मग काय. उत्तर चुकलं होतं, पण गणित आवडलं."

बायको हसली, पण तिने नवऱ्याला ओळखलं होतं. हा माणूस आता खिळ्यावर खिळा ठोकत बसणार. "लेकीला विचारा," ती म्हणाली. "ती तिथेच तर असते."

लेक रविवारी आली. "बाबा, विचारता कशाला, दाखवतेच चला. आज शाळा रिकामी असते."

पण-सर उभ्या हयातीत टेकडीवरच्या त्या कमानीतून आत गेले नव्हते. जायला कुणी मनाई केली नव्हती. तयारीच्या शाळेचा मास्तर वर दिसला तर लोक बोलतील, म्हणून त्यांनीच स्वतःला मना केलं होतं. मुलीला भेटायलाही ते फाटकाशी थांबत. आज लांब थंड ओवरीतून चालताना त्यांची वहाण उगाचच वाजते आहे असं त्यांना वाटत राहिलं.

लेकीने दार उघडलं. हिरवं कापड, लांब टेबल, उंच खुर्ची. सगळं ओळखीचं. सर सवयीने टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि मधल्या खुर्चीत बसले. खिशातून कागद काढला, टिपण करायला पेन टेकवलं आणि थबकले. कागद लख्ख उजळला होता. हाताची सावली कुठेच नव्हती.

त्यांनी मान वळवली. खिडकी त्यांच्या डाव्या हाताला होती. म्हणजे समोरच्या मुलाच्या उजव्या.

"ही खिडकी," ते म्हणाले, "पूर्वी तिकडे होती का?"

"बाबा, दगडी भिंत आहे. खिडकी काय बूड हलवून बसणार आहे?" लेक म्हणाली. मग हसू लागली. "थांबा, थांबा. तुम्हाला हे ठाऊकच नव्हतं? आपली सरावाची खोली उलटी आहे. इथे आलेल्या आपल्या प्रत्येक मुलाला ते ठाऊक होतं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही 'झालीस का पास?' एवढंच विचारलं होतं."

सरांनी पेनाला टोपण लावलं. लेक मात्र रंगात आली होती. "काय गंमत व्हायची! तुम्ही पढवलेलं, डावीकडे पाहायचं नाही. इथे डावीकडे तर भिंत. पण नियम म्हणजे नियम. आपली सगळी पोरं मान आखडून बसायची आणि उजवीकडच्या खिडकीतून खुशाल मैदान पाहायची, कारण उजवीकडे बघू नका असं कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मग ते थोरले परीक्षक, मिशीवाले, आता नाहीत ते, हटकून एकच प्रश्न विचारायचे. 'बाळ, तुझ्या डावीकडच्या भिंतीवर काय आहे?'"

सरांनी त्या भिंतीकडे पाहिलं. तिथे पेंढा भरलेलं हरणाचं मुंडकं होतं. त्याचा एक काचेचा डोळा गळून पडला होता.

"सगळ्यांना विचारायचे?"

"छे! फक्त आपल्या मुलांना. वर्गात नंतर बोलणं झालं तेव्हा कळलं, इतर कुणाला तो प्रश्न आलाच नव्हता."

पण-सरांनी पुन्हा खिडकीकडे पाहिलं. परीक्षकांना आपली मुलं ओळखू येत होती. ओळखण्याची खूण त्यांनीच, आपल्या हाताने, प्रत्येक मुलाच्या मानेत बसवून पाठवली होती. आणि चूक तरी कसली? नक्कल करणाऱ्या माणसाला टेबलाचा आकार कळला, तांब्या कळला, आणि खिडकीची बाजू तेवढी कळली नाही? की खिडकी मुद्दामच उलटी ठेवली होती? 'जो डावीकडे पाहणार नाही तो आपला' असा काही ठराव तर नव्हता?

"तू काय उत्तर दिलंस?" त्यांनी विचारलं.

"मी? मी विचारलं, 'बघू का?' ते म्हणाले, 'बघ.' मग बघितलं आणि सांगितलं, 'हरीण आहे. पण त्याला एक डोळा नाही.' ते इतके हसले!"

टेबलाच्या टोकाला, परीक्षकांच्याच ओळीत, एक अरुंद खुर्ची होती, बाकीच्यांपेक्षा साधी. सरांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"तिथे पूर्वी कार्यालयातला कुणीतरी बसायचा," लेक म्हणाली. "परीक्षक सांगतील ते गुण लिहून घ्यायला. हल्ली कुणी नसतं."

सर उठून त्या अरुंद खुर्चीत जाऊन बसले. इथूनही खिडकी डाव्याच हाताला होती. या खुर्चीतल्या माणसाला घरी बायकोने विचारलं असतं, 'कशी आहे हो ती खोली?' तर तो सहज म्हणाला असता, 'डाव्या हाताला मोठी खिडकी आहे.' ऐकणारीने विचारलंच नसतं, कुणाच्या डाव्या हाताला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाहेरच्या जिन्याने वर गेले. काका नव्वदीला टेकलेले. कुठे जाणं नाही की येणं नाही, तरी रोज दाढी करून, बूट पुसून खुर्चीत बसणारे. आताही मांडीवर फडकं आणि हातात बूट होता.

"बसा, पण-सर. दचकू नका, तुमचं नाव मला ठाऊक आहे. तुमचा आवाज जन्मभर जिन्यातून वर येत होता."

सर बसले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत पाठ केलं होतं, ते सगळं विसरून म्हणाले, "काका, टेबलाच्या टोकाला बसायचात तुम्हीच ना?"

बुटावरचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. "हो."

"मग बाई आम्हाला खोटं सांगत होत्या?"

"सांगत होती. माझ्यासाठी. लोकांना 'खोलीत बसायचा' एवढं कळलं असतं तर 'प्रश्न आणायचा' हे त्यांनी आपणच जोडलं असतं. तुम्ही नसतं जोडलं?"

"मी तर आधीच जोडलं होतं," सर म्हणाले.

काकांना हे उत्तर आवडलेलं दिसलं. त्यांनी बूट खाली ठेवला. "ऐका तर. शाळा काढण्याच्या आधीची गोष्ट. मी घरी येऊन सांगायचो, आज अमक्याचा मुलगा रडला, तमक्याची मुलगी मुकी झाली, पोरं खिडकीतून बाहेर बघतात आणि हरवतात. ती विचारायची, खोली कशी आहे? मी सांगायचो. टेबल सांगितलं, तांब्या सांगितला, खिडकी सांगितली. त्यातून तिला शाळा सुचली. ज्या दिवशी शाळा उघडली त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं, आजपासून या घरात परीक्षेबद्दल एक अक्षर निघणार नाही. तिने विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. मी खाली पाऊलही टाकणार नाही."

"आणि ते पाळलंत?"

"ती गेली तोवर. आणि त्यानंतरही."

खाली वर्गात कुणीतरी पाढा म्हणत होतं. काका म्हणाले, "पहिल्या वर्षी तुमच्या शाळेची पोरं आली. एकामागून एक. सगळ्यांच्या माना आखडलेल्या, आणि तोंड वासून सगळी मैदानाकडे बघतायत. मला त्याच क्षणी कळलं. हिने माझा डावा हात हा पोरांचा डावा हात धरला. मी तिच्या खोलीत कधी गेलो नाही, ती माझ्या खोलीत कधी आली नाही. आमच्या थोरल्या परीक्षकांनाही कळलं, ही पढवून पाठवलेली पोरं आहेत. पढवलेली पोरं त्यांना खपत नसत. त्यांनी तो हरणाचा प्रश्न काढला. जे पोर पढवलेलंच बोलतं ते तिथे अडणार, हा त्यांचा हिशेब. अडली. पुष्कळ अडली. जी निघाली ती आपल्या अकलेने निघाली. माझी मदत होऊन नाही, पण-सर. माझ्यामुळे अडचण होऊन, ती ओलांडून निघाली."

सरांच्या छातीवरचा एक धोंडा उतरला. लेकीचं हरीण लेकीचंच होतं. आणि तो खाली उतरतो न उतरतो तोच त्यांना कळलं की खाली दुसरा पडलेलाच होता.

"एक वाक्य सांगायचं होतं तुम्ही," ते म्हणाले. "खुर्ची फिरव. एवढंच."

"त्या रात्री जेवताना ती वाढत होती, मी जेवत होतो. वाक्य तोंडात होतं. पण ते सांगितलं असतं तर वचन मोडलं असतं. आज खिडकी सांगितली, उद्या हरीण सांगितलं असतं, परवा प्रश्न. एकदा दार किलकिलं झालं की ते कुठे थांबतं? मी स्वच्छ राहिलो." काकांनी फडक्याची घडी घातली. "माझ्या स्वच्छपणाची किंमत त्या पोरांनी भरली. हे मला रोज कळत होतं, आणि दर परीक्षेला मी गुण लिहीत होतो." मग त्यांनी सरांकडे रोखून पाहिलं. "आता मी विचारतो. तुमचा तर सगळ्यांवर संशय. एकदा वर येऊन ती खोली पाहावी असं तुम्हाला का नाही वाटलं?"

"लोक बोलले असते," सर म्हणाले.

"हं," काका म्हणाले, आणि दुसरा बूट हातात घेतला.

जिना उतरताना सरांना एक मुलगा आठवला. त्याच्याइतकं चपळ डोकं त्यांच्या हाताखालून दुसरं गेलं नव्हतं. लेखीत तो पहिल्या काहींत होता. तोंडीत नापास झाला. बाप विचारायला आला तेव्हा सरांनी सांगितलं होतं, "हुशार आहे, पण घाबरट आहे." तो मुलगा पुढे बापाच्याच शिवणयंत्रावर बसला. आज सरांचे सदरे तोच शिवत होता.

दुकानात शिंपी कापड कातरत होता. सरांना पाहून त्याने गळ्यातली टेप काढली. "या सर. माप घ्यायचंय? मागच्याच महिन्यात घेतलं, पण तुमचा माझ्या टेपवर विश्वास नाही हे मला माहीत आहे."

"माप नको. एक विचारायचं आहे. तुला तोंडी परीक्षेत काय विचारलं होतं?"

शिंप्याची कात्री क्षणभर हवेत राहिली. "आता? केस पिकल्यावर?"

"आता."

"बरंच विचारलं. सगळं आलं. शेवटी विचारलं, डावीकडच्या भिंतीवर काय आहे."

"तुला नव्हतं माहीत?"

"माहीत होतं की. हरणाचं तोंड. खोलीत शिरतानाच दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

शिंपी हसला. मोठ्या माणसाला लहानपणीची गोष्ट सांगताना येतं तसं अवघडलेलं हसू. "तुम्हीच सांगितलं होतं, सर. डावीकडे पाहिलं की परीक्षकांना तत्काळ कळतं. मी हरीण म्हटलं असतं तर मी पाहिलं हे त्यांना कळलं असतं. म्हणून गप्प बसलो. मला वाटलं, मी पकडलो गेलो नाही. जिंकलो."

सर त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले. मग त्यांनी खिडकीची, अरुंद खुर्चीची, वचनाची सगळी हकीकत सांगितली. काहीही न वगळता, स्वतःचं 'घाबरट' सुद्धा.

शिंप्याने ऐकून घेतलं. कापडाची कडा बोटाने सरळ केली. "बाप मरेपर्यंत मला घाबरट म्हणायचा," तो म्हणाला. "चेष्टेने. पण म्हणायचा." आणि मग, सरांचा चेहरा पाहून, "सर, एक बरं झालं. आज पहिल्यांदा तुम्ही मला सोडून दुसऱ्या कुणावर संशय घेतलात."

"कुणावर?"

"स्वतःवर. चहा सांगू?"

त्या आठवड्यात सरांनी इतिहास पुरा केला आणि धाकट्या बाईंपुढे ठेवला. त्यांनी आपलं वाक्य शोधलं. त्या जागी दुसरं होतं. 'संस्थापिकेचे यजमान परीक्षेच्या खोलीत गुण लिहायला बसत. त्यांनी घरी खोली सांगितली, प्रश्न कधीही सांगितला नाही. सांगण्यात आणि ऐकण्यात बाजू उलटली, आणि ती सुधारायला आपल्यापैकी कुणीही वर गेलं नाही. त्यामुळे पुष्कळ मुलं अडली. ती कच्ची नव्हती.'

धाकट्या बाईंनी ते पुन्हा वाचलं. "हे छापायचं? सर, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, प्रश्नही आणत असणार."

"मग?"

"मीही म्हटलंच असतं. ज्याला संशय घ्यायचा तो तुमच्या वाक्यावरही घेईल. पण त्या मुलांपैकी कुणी वाचलं तर त्याला तरी कळेल."

"बाबांना विचारलंत?"

"वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'वचन तिने आणि मी दिलं होतं. तुम्ही नव्हतं दिलं.'"

धाकट्या बाईंनी कागद खाली ठेवला. हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. सरांच्या जुन्या स्वभावाने त्यातही पाणी मुरतंय का ते पाहिलं, आणि त्यांना फक्त एक लेक दिसली, जिला आपल्या आईची चूक पहिल्यांदाच समजत होती.

"जरा खोलीत येता?" ते म्हणाले.

सरावाच्या खोलीत त्यांनी हिरवं कापड उचललं, आणि दोघांनी मिळून टेबल ओढत पलीकडच्या भिंतीशी नेलं. उंच खुर्ची अलीकडे आणली आणि टेबलाकडे तोंड करून ठेवली. भिंत पाडावी लागली नाही, गवंडी लागला नाही. इतकी वर्षं हे एवढंच काम पडून राहिलं होतं.

"तुम्ही पलीकडे बसा," सर म्हणाले. धाकट्या बाई परीक्षकाच्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या डाव्या हाताने उजेड आला आणि टेबलभर पसरला.

मग पण-सर आयुष्यात पहिल्यांदा त्या उंच खुर्चीवर चढून बसले. त्यांचेही पाय जमिनीला पुरते टेकेनात. खिडकी आता उजवीकडे होती. त्यांनी सावकाश, मानेला कष्ट देत, डावीकडे पाहिलं. भिंत कोरी होती.

"इथे काहीतरी टांगायला हवं," ते म्हणाले.

"काय?"

"काहीही चालेल. पण आल्या आल्या मुलांना ते बघायला सांगा."